स्टिअरिंगवरच्या हातांनाही हवी उजळणी

शाळेत असताना रोज संध्याकाळी पाढ्यांची उजळणी असे. मराठी शाळेत ‘पाढे’, पलीकडच्या कन्नड शाळेत ‘मग्गी’. पण दोन्हीकडचा सूर एकच. काल पाठ झाले म्हणून आज विसरणार नाही असे होत नाही, हे त्या काळच्या गुरुजींना पक्के ठाऊक होते. पुढे प्राध्यापकीत आल्यावर कळले की, इथेही उजळणीतून सुटका नाही. नोकरीत बढती हवी असेल तर आम्हाला ठरावीक वर्षांनी रिफ्रेशर कोर्स करावा लागतो. पूर्वी त्यासाठी धारवाडसारख्या विद्यापीठाच्या गावी तीन-तीन आठवडे राहावे लागे. अलीकडे यातले बरेचसे वर्ग ऑनलाइन होतात.

एकदा असा वर्ग घरबसल्या करत असताना मनात एक साधा विचार आला. मी वर्गात एखादी गोष्ट चुकीची सांगितली तर फार तर विद्यार्थ्याचे दोन गुण जातील, आणि तरीही सरकारला माझी उजळणी हवी असते. पण पन्नास माणसांना घेऊन घाट उतरणाऱ्या बसचालकाची किंवा सोळा टन माल घेऊन रात्री अनमोड उतरणाऱ्या लॉरीचालकाची उजळणी कोण घेतो? एकदा बिल्ला मिळाला, हात बसला, की तो माणूस जन्मभरासाठी ‘शिकलेला’ समजायचा का?

वाचकहो, आपल्या जोयडा तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. विस्ताराने मोठा, वस्तीने विरळ आणि चहूबाजूंनी जंगल असा हा तालुका. बेळगावहून खानापूर, रामनगर, अनमोड करत मोलेमार्गे गोव्याला उतरणारा राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा ४-अ, आताचा ७४८) आपल्याच हद्दीतून जातो. दुसरीकडे जोयड्याहून कुंभारवाडा, अणशी, कद्रा करत कारवार गाठणारा घाटरस्ता आहे. या रस्त्यांचा बराचसा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानातून जातो. वळणामागे समोरून गाडी येईल, गवा येईल की पावसाने आडवे पडलेले झाड असेल, हे कुणी सांगू शकत नाही. सुपा धरणात गाव बुडाल्यावर रामनगरला वसलेल्या लोकांपैकी काही घरांनी शेती गेल्यावर चाक हाती धरले. अशा घरांतली मुले आज आमच्या वर्गात बसतात. हजेरीच्या यादीत ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात ‘चालक’ हा शब्द वारंवार येतो. मराठीतही चालक आणि कन्नडमध्येही चालकच. त्यासाठी भाषांतर करावे लागत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चा. व्यावसायिक वाहनाचा परवाना काढायचा तर वयाची २० वर्षे पूर्ण हवीत आणि आधी किमान एक वर्ष हलक्या वाहनाचा परवाना असावा लागतो. हा व्यावसायिक परवाना पूर्वी तीन वर्षांसाठी मिळे. २०१९ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षे झाली. नूतनीकरणाच्या वेळी डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. पण मधल्या पाच वर्षांत नियम बदलले, गाड्या बदलल्या, चालकाच्या काही सवयी बिघडल्या, तर त्याला दोन शब्द सांगण्याची सोय या नूतनीकरणात नाही.

याला एक अपवाद आहे. पेट्रोल, गॅस, रसायने असा धोकादायक माल वाहणाऱ्यांसाठी वेगळ्या प्रशिक्षणाची अट कायद्याने घातली. २०१९ पूर्वी हा परवाना फक्त एक वर्षाचा असे आणि दर नूतनीकरणाला एक दिवसाचा उजळणी वर्ग करावा लागे. आता मुदत तीन वर्षांची आहे. म्हणजे उजळणीने माणूस सावध राहतो हे कायद्यालाही मान्य आहे. फक्त ते टँकरपुरतेच मान्य आहे. भाजीच्या लॉरीला आणि माणसांनी भरलेल्या बसला ते लागू नाही!

२०१९ च्या दुरुस्तीत आणखी एक तरतूद आली. गंभीर गुन्ह्यासाठी ज्याचा परवाना काढून घेतला, त्याने उजळणी प्रशिक्षण पुरे केल्याशिवाय परवाना परत मिळणार नाही. हेतू चांगलाच आहे. पण त्यातून एक चमत्कारिक अर्थ निघतो. आपल्याकडे उजळणी ही शिक्षा झाली. वर्गाबाहेर अंगठे धरून उभे केल्यासारखी. जो सरळ मार्गाने गाडी चालवतो, त्याला ती मिळतच नाही.

त्याच वर्षी व्यावसायिक चालकासाठी असलेली आठवी पास ही शिक्षणाची अटही रद्द झाली. गरिबाला रोजगार मिळावा म्हणून ते योग्यच होते. मात्र शाळेची अट काढली तेव्हा प्रशिक्षणाची जबाबदारी वाढली, हे विसरून चालणार नाही. २०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. त्यात अवजड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम ठरवून दिला आहे. त्याचा मुख्य उपयोग नव्याने शिकणाऱ्याला. वीस वर्षे गाडी चालवणारा आपला गाववाला तिथे कशाला जाईल?

इतर देशांत काय केले?

युरोपीय संघाने २००३ मध्ये एक निर्देश काढला. त्यानुसार बस आणि लॉरी चालवून पोट भरणाऱ्या प्रत्येकाला दर पाच वर्षांत ३५ तासांचे प्रशिक्षण घ्यावेच लागते. बसचालकांना हा नियम २००८ च्या सप्टेंबरपासून आणि लॉरीचालकांना २००९ च्या सप्टेंबरपासून लागू झाला. हिशेब सोपा आहे. वर्षाला सात तास, म्हणजे एक दिवस. २०१८ च्या दुरुस्तीने या ३५ पैकी जास्तीत जास्त १२ तास ऑनलाइन शिकण्याची मुभा सदस्य देशांना दिली. कोरोनाच्या काळात वर्ग बंद पडले, तेव्हा पडद्यावरच्या शिकवणीला आणखी जोर आला.

इथे दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, ३५ आणि १२. इंटरनेटचे जाळे घट्ट विणलेल्या देशांनीसुद्धा सगळे प्रशिक्षण फोनवर ढकललेले नाही. दोन तृतीयांश भाग समोरासमोर ठेवला. फोनवर काय शिकता येते आणि काय नाही, याचा विचार त्यांनी केला आहे. आपणही तो करायला हवा.

उस्ताद गेला, शिकवणी गेली

या विषयावर मी रामनगरच्या एका जुन्या लॉरीचालकाशी बोललो. सगळे त्यांना मामा म्हणतात. चहाचा ग्लास खाली ठेवत ते म्हणाले, “काय बोलताय सर! चाळीस वर्षं झाली गाडी मारतोय. आता ह्या वयात मला मोबाइल शिकवणार होय?”

मी विचारले, “मामा, तुम्हाला कुणी शिकवलं?”

मग मामा खुलले. पहिली पाच वर्षे ते क्लीनर होते. गाडी धुणे, टायरची हवा बघणे, ताडपत्री बांधणे, चढावर गाडी थांबली की चाकाखाली दगड लावणे, हे सगळे करता करता उस्तादाने एक दिवस रिकाम्या गाडीचे स्टिअरिंग दिले. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे उस्तादाने पाठीत गुद्दा घालून शिकवले. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतार सोडणाऱ्याला तो गाडीतून खाली उतरवी.

“आणि आता?” मी विचारले.

मामा हसले. “आता क्लीनर कुठं हाय सर? परवडत न्हाई मालकाला. पोरगं लायसन काढतं आन एकटंच गोव्याला जातं.”

मामांच्या या एका वाक्यात सगळे आले. आपल्याकडे चालकांची शाळा होती. ती केबिनमध्ये भरत होती. तिला पाटी नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. पण उजळणी रोज होती. ती शाळा हळूहळू बंद पडली आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही. सरकारी महामंडळांच्या चालकांना निदान संस्थेचा आधार असतो. महाराष्ट्राच्या एस.टी.ची प्रशिक्षण संस्था भोसरीला आहे. बसचालकांच्या प्रशिक्षणाचा विचार करणारी केंद्रीय रस्ते परिवहन संस्था पुण्यात १९६७ पासून आहे. पण एक लॉरी, एक मालक, एक चालक असा जो पसारा आहे, त्याला कुणीच वाली नाही.

बदललेली गाडी, बदललेला रस्ता

मामांचा अनुभव सोन्यासारखा आहे, यात शंका नाही. पण अनुभव ज्या गाडीवर घेतला ती गाडीच आज राहिलेली नाही. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा मानकाच्या गाड्या आल्या. त्यांना डिझेलबरोबर वेगळा द्रव लागतो, ज्याला चालक सरसकट ‘युरिया’ म्हणतात. डॅशबोर्डवर नवे दिवे आले. कुठला दिवा लागला तर गाडी लगेच बाजूला घ्यायची आणि कुठला लागला तर गॅरेजपर्यंत जाता येते, हे न कळल्याने घाटात मध्येच बंद पडलेल्या गाड्या आपण पाहतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या अवजड लॉरींच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. विजेवर चालणाऱ्या बस आल्या. ९ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत कुर्ल्याला विजेवरची बस गर्दीत घुसून अनेकांचे प्राण गेले. गिअरच्या गाडीची सवय असलेल्या हातांना नव्या बसचे पुरेसे प्रशिक्षण मिळाले होते का, हा प्रश्न तेव्हा सर्वत्र विचारला गेला. तो माणसे गेल्यावर विचारला गेला, एवढेच दुःख.

आपल्या जिल्ह्यातले प्रसंगही ताजे आहेत. १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळ शिरूरला महामार्गावर डोंगर कोसळला. चहासाठी थांबलेले चालक, चहाचे हॉटेल आणि गाड्या त्यात सापडल्या. गॅसचा टँकर गंगावळी नदीत वाहून गेला. एका लॉरीचा आणि तिच्या चालकाचा ठावठिकाणा लागायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागला. २२ जानेवारी २०२५ च्या पहाटे सवणूरहून कुमठ्याच्या बाजाराला निघालेली फळे-भाजीपाल्याची लॉरी यल्लापूर तालुक्यात दरीत गेली आणि दहा जण ठार झाले. मरण पावलेले विक्रेते मालाबरोबर त्याच लॉरीतून प्रवास करत होते.

प्रत्येक वेळी दोष चालकाचाच असतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिरूरला डोंगर चालकाने पाडला नव्हता. ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल कोसळला आणि त्यावरची लॉरी नदीत पडली. त्या चालकाला वाचवण्यात यश आले, पण त्यात त्याची काय चूक? प्रशिक्षणाच्या नावाखाली रस्ते बांधणाऱ्यांनी आणि गाडीवर जादा माल चढवणाऱ्यांनी आपली जबाबदारी चालकाच्या माथी मारू नये. पण मालावर माणसे बसवायची नाहीत, पावसात डोंगराच्या पायथ्याशी गाडी उभी करायची नाही, या गोष्टी वारंवार सांगितल्याने जीव वाचू शकतात. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. आपल्या जोयडा तालुक्याच्या लोकसंख्येच्या तिपटीहून हा आकडा मोठा आहे.

उजळणीत काय असावे?

सगळ्यात आधी घाट. मी विज्ञानाचा माणूस नाही, पण आमच्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याने करून दाखवलेला हिशेब सांगतो. सोळा टनांची गाडी फक्त शंभर मीटर उंची खाली उतरते, तेव्हा तिला रोखून धरताना जी ऊर्जा मोकळी होते ती सव्वाचार युनिट विजेहून अधिक असते. म्हणजे पाणी तापवायची एक किलोवॅटची कॉइल चार तासांहून जास्त वेळ चालू ठेवण्याएवढी. चालकाने सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ही सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. ड्रम तापले की ब्रेक लागेनासा होतो. खालच्या गिअरमध्ये उतरले तर त्यातला मोठा वाटा इंजिन उचलते. उस्तादाचा गुद्दा आणि भौतिकशास्त्राचा हिशेब एकच गोष्ट सांगतात! घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमही त्यातलाच.

दुसरी गोष्ट झोपेची. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाचे भान हे १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतके मंदावते. आपल्या कायद्यात दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे थेंबही न पिता आपला माणूस पिणाऱ्यापेक्षा धोकादायक होऊ शकतो. चालकांसाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास कामाची मर्यादा १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने घातली होती. २०२५ च्या नोव्हेंबरपासून तो कायदा नव्या कामगार संहितेत सामावला. कागदावरचे तास आणि लॉरीतले तास यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. युरोपात साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास थांबणे सक्तीचे आहे आणि गाडीतले यंत्र त्याची नोंद ठेवते.

तिसरी गोष्ट कायद्याच्या माहितीची. जानेवारी २०२४ मध्ये देशभर चालकांनी संप केला. अपघातानंतर पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, असे भारतीय न्याय संहितेतले कलम हे त्याचे कारण. पुढे १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली ती हे उपकलम बाजूला ठेवून. त्या दिवसांत आमच्या विद्यार्थ्यांच्या घरी फोनवरून नाना अफवा फिरत होत्या. नेमके कलम काय, हे सांगणारे कुणी नव्हते. तसेच, जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस-कोर्टाचा त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. २०२५ पासून अपघातग्रस्तांना पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतच्या विनारोख उपचारांची योजना आहे. रस्त्यावर अपघाताच्या जागी बहुधा सर्वांत आधी पोहोचतो तो दुसरा चालकच. त्याला हे माहीत असेल तर तो थांबेल. माहीत नसेल तर घाबरून पुढे जाईल.

आणि छोट्या गाड्यांना विसरू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की, ७,५०० किलोच्या आतले व्यावसायिक वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. आपल्या खेड्यांतून माल आणि माणसे नेणारे बहुतेक टेम्पो याच वजनात बसतात. त्यांच्या चालकांना वेगळ्या व्यावसायिक परवान्याची गरज उरली नाही. म्हणून त्यांच्यासाठी उजळणी अधिकच गरजेची.

रेंज नसलेल्या गावात ऑनलाइन?

आता खरी अडचण. जोयडा तालुक्यात ऑनलाइन म्हटले की लोक आधी हसतात. कितीतरी वाड्यांवर साधा फोन लागायला टेकडी चढावी लागते. शाळा फोनवर भरत होत्या त्या काळात आमची मुले झाडाखाली, रस्त्याच्या वळणावर रेंज शोधत बसलेली सगळ्यांनी पाहिली. हाच अनुभव चालकांच्या नशिबी द्यायचा का?

मला वाटते, ऑनलाइन या शब्दाला घाबरू नये आणि त्याला भुलूही नये. धडे एकदा तयार झाले की ते मेमरी कार्डवर उतरवून घेता येतात. रामनगर, जगलबेट, गणेशगुडी, कुंभारवाडा अशा ठिकाणी पंचायतीच्या किंवा शाळेच्या सभागृहात एक पडदा आणि एक प्रोजेक्टर पुरेसा आहे. वीस-पंचवीस चालक एकत्र बसले की धड्याइतकीच त्यांची आपापसातली चर्चाही मोलाची ठरेल. मामांसारख्या जुन्या उस्तादांना तिथे पाहुणे म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून मानधन देऊन बोलवावे. उरलेला भाग, म्हणजे घाट उतरणे, धुक्यातली गाडी, ताडपत्री आणि दोर, हे मात्र रस्त्यावरच शिकवले पाहिजे. ते फोनवर शिकवण्याचा आव आणू नये.

वेळ कुठला? पावसाळा. घाटरस्त्यांची वाहतूक त्या दिवसांत तशीही मंदावते. २०२५ च्या जुलैत अनमोड घाटात गोव्याच्या बाजूला रस्ता खचला आणि अवजड वाहनांना वाट बंद झाली, तेव्हा कित्येक चालक हातावर हात ठेवून घरी बसले होते. तेच दिवस शिकण्याचे.

भाषा कुठली? हा प्रश्न आपल्या भागात नाजूक आहे, पण चालकाच्या बाबतीत तो सोपा आहे. ज्या भाषेत त्याला दचकायला होते, ती भाषा. आमचा चालक सकाळी बेळगावला मराठीत माल भरतो, अळणावरला कन्नडमध्ये चहा मागतो आणि दुपारी फोंड्याला कोंकणीत हिशेब करतो. रस्त्यावर ‘अपघात वलय’ ही पाटी दिसली की मराठी वाचणाऱ्यालाही अर्थ कळतो. पण ‘निधानवागि चलिसि’ म्हणजे सावकाश जा, हे कन्नड लिपी न येणाऱ्या कोल्हापूरच्या चालकाला कसे कळावे? म्हणून धडे मराठी, कन्नड आणि कोंकणी, तिन्ही भाषांत हवेत आणि वाचण्यापेक्षा ऐकण्याचे हवेत. कन्नडमध्ये प्रशिक्षणाला ‘तरबेती’ म्हणतात. मराठी कानाला त्यात ‘तरबेज’ ऐकू येते. नावात तरी दोन्ही भाषा शेजारी बसल्या आहेत!

एक धोका मात्र ओळखून असावा. फोनवरचा वर्ग म्हटला की बाप गाडीवर आणि पोरगा घरी बसून त्याच्या नावाने बटणे दाबतो आहे, असे होणारच. मग प्रमाणपत्र खरे आणि शिक्षण खोटे. सभागृहातल्या एकत्र वर्गाचा मी आग्रह धरतो, तो यासाठीही.

शेवटी पैसा. वर्गाच्या दिवशी चालकाचा पगार आणि भत्ता बुडता कामा नये. तो मालकाने द्यावा आणि वर्ग केलेल्या चालकाच्या गाडीला विम्यात काही सवलत मिळावी. हातावर पोट असलेल्या माणसाला फुकट शिकवतो म्हटले तरी ते फुकट नसते. त्याची एक खेप जाते.

घरच्यांनी काय करावे?

सरकारने काय करावे हे लिहिणे सोपे असते. पण ही पुरवणी घरात वाचली जाते, म्हणून घरच्यांसाठी चार शब्द.

आमच्या वर्गातल्या एका मुलीला मी विचारले, “बाबा गाडीवर असताना तुम्ही फोन करता का?” ती म्हणाली, “रोज करतो सर. आई तर दर तासाला करते. काळजी वाटते म्हणून.” ही काळजी किती खरी आहे! पण हिशेब करून पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापते. कुणाचा फोन आहे हे बघायला तीन सेकंद लागले तर ती पन्नास मीटर गेली, आणि ते पन्नास मीटर चालकाने रस्ता पाहिलेलाच नाही. घाटात पन्नास मीटरांत अख्खे वळण येते.

म्हणून घरात एक नियम करा. गाडीवर असलेल्या माणसाला आपण फोन करायचा नाही. तो जिथे थांबेल तिथून तोच करील. आणि त्याचा फोन आला की आधी ‘कधी येणार?’ विचारू नका, ‘किती झोपलात?’ विचारा. पहिल्या प्रश्नाने पाय ॲक्सिलरेटरवर जातो, दुसऱ्याने गाडी बाजूला लागते. घरी आल्यावर त्याला पोटभर झोपू द्या. लग्न, जत्रा, पाहुणे यांसाठी त्याची झोप मोडू नका. चाळिशी झाली की डोळे तपासून घ्या. डॉक्टरांचा दाखला केवळ सहीपुरता आणू नका. आणि वर्ग सुरू झाले तर मुलांनी बापाच्या नावाने बटणे दाबण्याऐवजी त्याच्या शेजारी बसावे. आपल्यालाही शिकायला मिळेल.

पालकांच्या सभेला आमच्याकडे चालक बाप फार कमी येतात. येतात तेव्हा मागच्या बाकावर बसतात आणि बोलत नाहीत. शिक्षणाची जागा आपली नाही, असे त्यांना कुठेतरी वाटत असते. आमच्या कॉलेजांची सभागृहे रविवारी रिकामी असतात. राष्ट्रीय सेवा योजनेची मुले हाताशी असतात. परिवहन खात्याने, महामंडळाने, लॉरीमालकांच्या संघटनांनी धडे आणि शिक्षक द्यावेत. खुर्च्या, पडदा आणि चहाची जबाबदारी आम्हा शिक्षकांनी घ्यावी. वर्षातून एक दिवस या माणसांना पुढच्या बाकावर बसवू या. वर्षाचे बाकीचे दिवस आपली मुले त्यांच्याच भरवशावर बसमध्ये चढतात.